‘पहिल्यासारखी’ म्हणजे केव्हासारखी?

पत्र नागपूरच्या महाल भागातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई चौतीस वर्षांच्या आहेत. सासऱ्यांचं जुन्या सागवानी फर्निचरचं आणि घरदुरुस्तीचं दुकान आहे. नवरा आणि दोन कारागीर काम करतात. फोन, कोटेशन आणि बिलं ताई बघतात. गिऱ्हाइकं बरीचशी बाहेरगावची असल्याने कोटेशन इंग्रजीत जातं. परदेशात स्थायिक झालेल्या, मूळच्या महालातल्याच एका बाईंनी माहेरची बंगई, म्हणजे लाकडी झोपाळा, दुकानात पाठवली आणि फोनवर सांगितलं, “पहिल्यासारखी करून द्या.” ताईंनी कोटेशनमध्ये ‘रिस्टोरेशन’ लिहिलं, वर्कशॉपमध्ये निरोप गेला, “बंगई चकाचक करायची आहे.” बंगई घासली गेली, पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश झालं, काळ्या पडलेल्या पितळी कड्या काढून नव्या लावल्या. फोटो बघून बाई भडकल्या: “मी रिस्टोरेशन सांगितलं होतं, तुम्ही रिनोव्हेशन केलंत.” ४२ हजारांपैकी २२ हजार अडकले आहेत आणि ग्राहक आयोगात जाण्याची भाषा सुरू आहे. सासरे म्हणतात, “तुझ्या इंग्रजीनं घोळ केला.” नवरा म्हणतो, यापुढे सगळीकडे ‘रिनोव्हेशन’च लिही. ताई विचारतात: इंग्रजीचा क्लास लावू का? हे सगळे शब्द एकदाचे नीट कसे समजून घेऊ? आणि अडकलेले पैसे माझ्या बचतीतून भरून देऊ का?

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मराठी आहे. “पहिल्यासारखी करून द्या.” तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात आणि उरलेलं पत्रभर इंग्रजीला बोल लावत राहिलात. मला वाटतं, घोळ त्या फोनवरच झाला. कोटेशन टाइप व्हायच्या आधी, चांगल्या मराठीत.

पहिली म्हणजे केव्हाची? तुमच्या मिस्टरांनी धरली ती सुताराच्या हातून पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हाची: कोरी, गुळगुळीत, कड्या सोन्यासारख्या. कारागीर माणूस असंच ऐकणार. त्याच्या लेखी वस्तू नवी असते तेव्हा सर्वांत चांगली असते. त्या बाईंनी धरली ती बहुधा स्वतःच्या लहानपणची: पाठीचं तेल आणि हाताचा घाम मुरून काठाला काळसर झालेली, हलली की कड्या करकरणारी. दोघांच्याही मनात एकेक ‘पहिली’ होती आणि त्या दोन पहिल्यांमध्ये काही दशकांचं अंतर होतं. “कोणती पहिली, ताई?” एवढं कुणी विचारलं असतं तर हे पत्र मला आलं नसतं.

आता ‘रिस्टोरेशन’कडे येते. तुमचा समज असा दिसतो की चांगलं इंग्रजी येणाऱ्याला या शब्दाचा अर्थ स्वच्छ ठाऊक असतो. नसतो हो. खुद्द इंग्लंडात यावरून कडाक्याची भांडणं झाली आहेत. एकोणिसाव्या शतकात तिकडे जुनी चर्च ‘रिस्टोअर’ करायची लाट आली होती. मधल्या काही शतकांत झालेली भर काढून टाकायची, भिंतींवरचा जुना गिलावा खरवडायचा आणि चर्च मध्ययुगात जसं असावं असं आपल्याला वाटतं तसं करून टाकायचं. याला वैतागून विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी १८७७ साली जुन्या इमारती वाचवण्यासाठी एक संस्था काढली. तिचं टोपणनावच पडलं ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडाखरवडीच्या विरुद्ध. त्याच शतकात फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक हा वास्तुविशारद नेमकं उलट सांगत होता: रिस्टोअर करणं म्हणजे इमारतीला पूर्णत्वाला नेणं, मग ती तशी कुठल्याही एका काळी नसली तरी चालेल. तुमचे मिस्टर या फ्रेंच पक्षाचे निघाले आणि गिऱ्हाईक मॉरिसच्या पक्षाचं. तुम्ही मधल्या मध्ये सापडलात.

पुढे वारसा जपणाऱ्या मंडळींनी नियम केले. १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे रिस्टोरेशन थांबलं पाहिजे. ऑस्ट्रेलियातली १९७९ ची बर्रा सनद आणखी काटेकोर आहे. नंतर चढलेली भर काढून, किंवा असलेलेच भाग पुन्हा जुळवून, नवं साहित्य न घालता ज्ञात असलेल्या जुन्या अवस्थेत आणलं तर ते रिस्टोरेशन. नवं साहित्य आलं की त्याला रीकन्स्ट्रक्शन म्हणायचं. या मापाने तुमच्या नव्या कड्या नापास होतात. पण ही मापं वारसास्थळांची आहेत, महालातल्या दुकानाच्या कोटेशनला ती कुणी लावलेली नाहीत. फर्निचरच्या बाजारात ‘रिस्टोरेशन’ म्हणून खरवडून, चकचकीत करून देणारे इकडेही आहेत आणि तिकडेही. त्यामुळे तुम्ही शब्द चुकीचा लिहिलात असं मी म्हणणार नाही. तुमच्या गिऱ्हाइकाने तो जपणुकीच्या अर्थाने वाचला आणि त्यांनाही तो तसा वाचायचा पूर्ण अधिकार होता.

एक गोष्ट मात्र मला तुमच्याकडूनच समजून घ्यायला आवडेल. ‘रिस्टोरेशन’ हा शब्द रंधा हातात घेणाऱ्या कुणी वाचला होता का? पत्रावरून तरी दिसतं की नाही. कोटेशन तुमच्या टेबलावरून थेट ईमेलने बाहेर गेलं आणि आत गेला तो ‘चकाचक’चा निरोप. एकाच दुकानातून एकाच बंगईबद्दल दोन वेगळे हुकूम निघाले. घरात इंग्रजी वाचणाऱ्या तुम्ही एकट्या, म्हणून कागदाचं काही बिनसलं की बोट तुमच्याकडे वळतं. पण कड्या बदलायचं कोटेशनमध्ये कुठेच नव्हतं, असं तुम्हीच लिहिता. ते ज्यांनी ठरवलं त्यांना कुणी शब्दकोश बघायला सांगितलं नाही. सासऱ्यांचा राग मी समजू शकते. काम मन लावून केलंय आणि वर बोलणी खावी लागताहेत. तरी ‘इंग्रजीनं घोळ केला’ हे निदान तुम्ही स्वतः मान्य करू नका.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १३ मला फार आवडतं. ते म्हणतं, दोघं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने कबूल झाले तर ती संमती. दीडशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याने तुमच्या बंगईचं प्रकरण जणू आधीच पाहिलं होतं. हा वकिली सल्ला समजू नका. खरोखर नोटीस आलीच तर वकिलाकडे जा आणि तोवर व्हॉट्सॲपवरचे संदेश, फोटो, ईमेल यातलं काहीही पुसू नका.

आता तातडीचं. जुन्या कड्या कुठे आहेत? पितळ भंगारात वजनावर चांगल्या भावाने जातं, म्हणून विचारते. मोडीत गेल्या नसतील तर आजच बाजूला काढा, कापडात गुंडाळा आणि कृपा करून चिंच लावून घासू नका. त्या काळेपणासकट बाईंना हव्या आहेत. फक्त लावण्याआधी मिस्टरांना त्यांचा जोर तपासायला सांगा. एखादी कडी झिजली असेल तर तेवढीच बदला आणि बदलली असं कळवा. बंगईवर माणसं बसतात.

पीयूचं प्रकरण अवघड आहे. लाखेचं जुनं पॉलिश स्पिरिटने विरघळतं, त्यामुळे ते उतरवताही येतं आणि वरून पुन्हा चढवताही येतं. पीयू वाळलं की लाकडावर पक्का थर धरतं. ते काढायचं तर रिमूव्हर तरी लागतो, नाहीतर परत घासाई. तेवढं करून लाखेचा हात देता येईल आणि चकाकी मरेल. पण वर्षानुवर्षं मुरलेला हाताचा काळसरपणा पहिल्याच घासाईत पॉलिश पेपरबरोबर गेला. “परत आधीसारखी करून देतो” असं दुकानातल्या कुणाच्याही तोंडून जाऊ देऊ नका. दुसऱ्यांदा तोच घोळ होईल.

मग त्या बाईंना पत्र लिहा, आणि मराठीत लिहा. त्या महालात वाढल्या, तुम्ही महालात राहता आणि भांडण चाललंय इंग्रजी ईमेलवर, याला काय म्हणावं बाप्पा! काहीसं असं लिहिता येईल: ‘तुम्ही पहिल्यासारखी म्हणालात, आम्ही ती नवी असतानासारखी असं समजलो. विचारून घ्यायला हवं होतं, ते राहिलं. तुमच्या जुन्या कड्या आमच्याकडे आहेत. त्या लावून देतो आणि नव्या कड्यांची रक्कम बिलातून वजा करतो. पॉलिशची चकाकी कमी करता येईल, पण लाकडाचा जुना रंग परत येणार नाही. काय करावं ते तुम्ही सांगा, तोवर आम्ही बंगईला हात लावत नाही.’ यात कुठेही रिस्टोरेशन नाही, रिनोव्हेशन नाही. कड्या मोडीत गेल्या असतील तर तेही तितक्याच सरळपणे लिहा आणि रकमेत जास्त सूट द्या.

मिस्टरांच्या युक्तीबद्दल. सगळीकडे ‘रिनोव्हेशन’ लिहिलं तर हे भांडण मिटेल आणि दुसरं सुरू होईल. धरमपेठेतल्या फ्लॅटवाल्याला तुम्ही किचन रिनोव्हेशन म्हणालात की त्याच्या डोळ्यांपुढे ओटा फोडणं, टाइल्स उखडणं, नळाची लाइन बदलणं येतं. त्या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला ‘नोव्हुस’ आहे, म्हणजे नवा. वापरात तो मुख्यतः घर, दुकान, हॉटेल, मंगल कार्यालय अशा जागांना लागतो. खुर्ची रिनोव्हेट केली म्हटलं तर कळतं, पण कानाला खटकतं. ज्याला जुनेपण हवंय तो तर हा शब्द बघूनच पळेल.

तुमच्या दुकानात जे प्रत्यक्षात होतं त्याला माझ्या मते जवळचा शब्द आहे ‘रिफर्बिश’. यातला ‘फर्बिश’ मुळात शस्त्रं आणि चिलखतं घासून लखलखीत करण्याचा शब्द. घासणं, पुसणं, मोडकं बदलणं, पॉलिश मारून पुन्हा वापरण्याजोगं करणं, सगळं त्यात येतं. बंगईवर अगदी हेच झालं. सीताबर्डीवर जुने मोबाइल विकणाऱ्यांनी हा शब्द इतका चालवलाय की काहींना त्यात ‘वापरलेला माल’ एवढंच ऐकू येतं, हे खरं. त्याला इलाज नाही, खाली काम लिहून द्यायचं.

बाकीच्यांवरून भराभर जाते. ‘रिन्यू’ कागदांना आणि मुदतींना: विमा, लायसन्स, भाडेकरार, वाचनालयाचं पुस्तक. गोष्ट तीच राहते, मुदत वाढते. तुम्ही पत्रासोबत कार्डाचा फोटो जोडलाय, त्यावर ‘वुई रिन्यू ओल्ड फर्निचर’ छापलंय. पुढच्या छपाईत ते काढा. ‘रिकंडिशन’ यंत्रांना, म्हणजे कंप्रेसर, इंजिन वगैरे. ते चालायला हवं, दिसणं दुय्यम. मोटरला ‘रिवाइंडिंग’, टायरला ‘रिट्रेडिंग’, इथे कुणाचा गोंधळ होत नाही. ‘रेट्रोफिट’ म्हणजे वस्तू बनली तेव्हा जे नव्हतंच ते नंतर बसवणं: जुन्या गाडीला सीएनजी किट, किंवा तुमच्याकडे जुन्या दिवाणाला हायड्रॉलिक. ‘रिव्हॅम्प’ हा मुळात चपलाबुटांच्या धंद्यातला शब्द, बुटाचा पुढचा वरचा भाग नवा घालणं. आता तो हॉटेलच्या मेनूपासून सरकारी योजनांपर्यंत कशालाही लावतात, म्हणून कोटेशनमध्ये त्याचा उपयोग शून्य. ‘रिपेअर’ला सगळे कमी लेखतात. मला विचाराल तर त्या बंगईला तेवढंच हवं होतं.

त्याच कार्डावर दुसरी एक ओळ आहे, ‘सोफा रिकव्हरी’. ताई, इंग्रजीत हे वसुलीसारखं वाचलं जातं. वाटतं हप्ते थकलेत म्हणून सोफा उचलून न्यायला येताय. नवं कापड चढवणं म्हणायचं असेल तर ‘रि’ आणि ‘कव्हर’ यांच्यामध्ये छोटी आडवी रेघ लागते, नाहीतर शब्दच बदलतो. तशीच गत ‘रिसाइन’ची: मध्ये रेघ असेल तर कागदावर पुन्हा सही, ती गेली की ‘रिझाइन’, म्हणजे राजीनामा. रेघेची कटकट नको असेल तर ‘रि-अपहोल्स्टरी’ लिहा, किंवा सरळ ‘नवं कापड, नवा फोम’.

आणि ‘रीडेव्हलपमेंट’पासून जरा जपून. नागपूर रेल्वे स्थानकाच्या रीडेव्हलपमेंटची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ ला झाली आणि १९२५ सालची ती दगडी इमारत आजही ओळखू येते. हाच शब्द एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या नोटिशीवर आला तर रहिवाशांनी सामान बांधायला घ्यायचं, कारण इमारत जमीनदोस्त होणार. घरदुरुस्तीच्या तुमच्या कामांत हा शब्द चुकूनही नको.

एवढे शब्द सांगून झाल्यावर खरं सांगते, यातला कोणताही एकटा शब्द तुम्हाला वाचवणार नाही. मार्चमध्ये आपण कूलर उतरवतो, ताट्या बदलतो, पंप बघतो, टाकीला रंग मारतो. त्याला ‘सर्व्हिसिंग’ इतका मोघम शब्द आहे, तरी भांडण होत नाही. त्यात काय काय येतं हे नागपुरात पोराटोरांनाही ठाऊक असतं. जुन्या लाकडाच्या बाबतीत तसं सर्वांना ठाऊक असलेलं काही नाही. ते प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर नव्याने ठरवावं लागतं.

म्हणून कोटेशनच्या डोक्यावर कुठलाही शब्द घाला, त्याखाली मराठीत आणि इंग्रजीत लिहायचं: काय जसंच्या तसं राहील, काय दुरुस्त होईल, काय बदलेल, काय नव्याने येईल. बंगईचं असतं तर ‘फळीचा रंग तोच ठेवणार, उजव्या कोपऱ्यातली चीर भरणार, कड्या त्याच, फक्त पुसणार’. पॉलिश कोणतं तेही नाव घालून: लाखेचं, मेलामाइन की पीयू. फळीच्या खालच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेवर नमुना करून त्याचा फोटो पाठवायचा आणि होकार आल्याशिवाय वरच्या बाजूला पॉलिश पेपर लावायचा नाही. काढलेला प्रत्येक भाग, मग तो गंजका खिळा असो, पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत. या कागदाची मराठी प्रत वर्कशॉपच्या भिंतीवर, कामाच्या शेजारी चिकटवा. ही शेवटची गोष्ट टाळू नका, बाकीच्या सगळ्या त्यावर अवलंबून आहेत.

फोनवर गिऱ्हाईक ‘पहिल्यासारखं’, ‘ओरिजिनल’, ‘अँटिक लुक’ असं काही म्हणालं की त्याच्याकडे जुना फोटो मागा. घरातल्या एखाद्या मुंजीच्या नाहीतर डोहाळजेवणाच्या फोटोत मागे कपाट, दिवाण, बंगई हमखास सापडते. कोणती ‘पहिली’ हे त्या फोटोवर बोट ठेवून ठरतं. आणि जुन्या धाटणीचं पण कोरं करकरीत फर्निचर तुम्ही विकत असाल तर त्याला ‘रिस्टोअर्ड’ म्हणू नका. ते ‘रिप्रॉडक्शन’. तिथे मात्र प्रश्न इंग्रजीचा राहत नाही, फसवणुकीचा होतो.

इंग्रजीचा क्लास आवड म्हणून लावायचा तर खुशाल लावा, या प्रकरणाची शिक्षा म्हणून नको. धंद्यापुरतं हवं असेल तर एक वही करा आणि शब्द सुटा न लिहिता त्याच्या जोडीदारासकट लिहा: लायसन्स रिन्यू, किचन रिनोव्हेट, तैलचित्र रिस्टोअर, लॅपटॉप रिफर्बिश्ड. शिकणाऱ्यांसाठीचे इंग्रजी शब्दकोश नेटवर फुकट असतात, त्यात अर्थापेक्षा उदाहरणाची वाक्यं वाचा. आणखी सोपं म्हणजे ‘रिस्टोअर्ड टीक फर्निचर’ आणि ‘रिफर्बिश्ड टीक फर्निचर’ असे दोन वेगवेगळे शोध घ्या आणि फोटो शेजारी शेजारी बघा. सरमिसळ बरीच दिसेल. गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय गोंधळ असतो हेही त्यातून कळेल. मिस्टरांना शेजारी बसवून बघितलंत तर जास्त बरं.

राहिली बचत. भरू नका. दुकानाचा नफा तुमच्या खात्यात येत नाही, मग तोटाच तेवढा कसा येईल? कड्यांची वजावट आणि परत करावं लागणारं पॉलिश दुकानाच्या खर्चात लिहा, त्या बंगईच्या नावाने. सासऱ्यांपुढे हा हिशेब ठेवाल तेव्हा इंग्रजीचा विषय तुम्ही काढू नका. कोटेशनचा नवा नमुना आधी त्यांनाच वाचून दाखवा, मराठी ओळींपासून, आणि लाखेच्या नि पीयूच्या कामाचा दर त्यांच्याकडूनच भरून घ्या.